पहिली गिअरची गाडी: स्वस्त, छोटी आणि तुझ्या चुका सहन करणारी

लर्निंग लायसन्स हातात आलं की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला, कमी पैशात कुठली मोटरसायकल घेऊ. उत्तरं पण पटापट येतात, हा म्हणतो अमुक घे पिकअप भारी आहे, तो म्हणतो तमुक घे दिसायला जबरी आहे. माझा मावसभाऊ नुकताच यातून गेला, आणि त्याला चार संध्याकाळी बसून जे समजावलं ते इथे लिहितोय, कारण नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही, ते नाव का चांगलं हे कळलं की मग कुठलीही गाडी समोर आली तरी तुझं तुला ठरवता येतं. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिली गाडी घेताना ती किती पळते हे बघू नको, पहिल्या सहा महिन्यात तू ज्या चुका करणार आहेस त्या ती किती सहन करते ते बघ. ती तुझ्याकडून सिग्नलला बंद पडणार, एकदा तरी उभ्या उभ्या आडवी होणार, वळणावर चुकीच्या गिअरमध्ये जाणार. हे सगळ्यांचं होतं, त्यात लाज वाटायचं काही कारण नाही.

आधी कायदा, आणि हे टाळू नको. प्रत्येक देशात शिकाऊ पोरांसाठी वय, इंजिन किती सीसीचं आणि गिअरची की बिनगिअरची असं धरून नियम असतात. भारतात 16 व्या वर्षी फक्त 50 सीसीपर्यंतची बिनगिअरची चालते, गिअरच्या गाडीला 18 पूर्ण लागतात. युरोपियन युनियनमध्ये ए1 नावाचा लायसन्सचा वर्ग आहे, त्यात 125 सीसीपर्यंत आणि 11 किलोवॅटपर्यंतची गाडी येते, आणि तिथल्या बऱ्याच देशांत ती 16 व्या वर्षापासून चालवता येते. तुझ्याकडे काय नियम आहे ते घरच्यांबरोबर बसून नीट वाच, कारण लायसन्स चुकीचं असलं तर इन्शुरन्स असूनसुद्धा कामाला येईलच असं नाही.

आता गिअरची गाडी शिकायला अवघड का जाते ते बघू, कारण निवड त्यावरच ठरते. पेट्रोल इंजिनला शून्यावर फिरता येत नाही, ते चालू राहायचं तर मिनिटाला हजार-बाराशे, काही गाड्यांत चौदाशे फेरे तरी हवेतच. आणि गाडी उभी असताना चाक तर शून्यावर आहे. म्हणजे एक बाजू फिरतेय, दुसरी थांबलेली आहे, आणि दोघांना झटका न देता जोडायचंय. हे काम क्लच करतो. आत तेलात भिजलेल्या प्लेटांची चवड असते, काही प्लेटा इंजिनबरोबर फिरतात काही गिअरबॉक्सबरोबर, स्प्रिंगांनी त्या एकमेकांवर दाबलेल्या असतात, लिव्हर ओढला की दाब सुटतो आणि त्या वेगळ्या होतात. लिव्हर हळूहळू सोडलास की मधे एक जागा येते जिथे प्लेटा थोड्या घासत थोड्या पकडत असतात, गाडी जरा पुढे झुकल्यासारखी वाटते, इंजिनचा आवाज किंचित खाली येतो. त्यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. शिकाऊ माणसाचा पहिला महिना या एका जागेच्या शोधात जातो. झटकन सोडलास तर इंजिनवर एकदम सगळ्या गाडीचं वजन येतं आणि ते मरतं, तेच गाडी बंद पडणं.

गिअर म्हणजे जोर आणि वेग यांची अदलाबदल. 100 ते 125 सीसीच्या साध्या गाडीत पहिल्या गिअरला चाकाचा एक फेरा व्हायला इंजिनला साधारण तीसेक फेरे मारावे लागतात, शेवटच्या गिअरला दहाच्या आसपास. पहिल्यात जोर भरपूर पण वेग नाही, शेवटच्यात वेग आहे पण चढ आला की धाप लागते. सायकलवर गिअर असतील तर हे पायांना आधीच कळलेलं असतं.

इथून निवडीचा मुद्दा सुरू होतो. माहितीपत्रकात सगळे पॉवरचा आकडा बघतात, म्हणजे 8 हॉर्सपॉवर की 14. शिकणाऱ्यासाठी त्याच्यापेक्षा कामाचा आकडा म्हणजे टॉर्क (इंजिनचा फिरवायचा जोर) किती आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांवर, मिळतो. रोजच्या ये-जा करायच्या साध्या कम्युटर 125 ला जास्तीत जास्त टॉर्क साडेपाच-सहा हजार आरपीएमच्या आसपास मिळतो आणि त्याच्या बराच खाली सुद्धा इंजिन नेटाने ओढत असतं, त्यामुळे क्लच जरा घाईत सुटला किंवा दुसऱ्याऐवजी तिसरा पडला तरी ती कुरकुरत का होईना पुढे जाते. तेवढ्याच सीसीची स्पोर्टी गाडी जास्त पॉवर काढते ती वरच्या आरपीएमला, खाली बऱ्याचदा पोकळ असते, आणि मग नवशिका प्रत्येक सिग्नलला जास्त रेस देऊन निघायची सवय लावून घेतो. ही सवय वाईट, क्लच प्लेटा जळतात आणि एखाद्या दिवशी लिव्हर सटकला की गाडी उसळी मारते. म्हणून दोन 125 मधली कमी पॉवरची, आळशी वाटणारी गाडी तुला जास्त लवकर शिकवेल. तशी गाडी सपाट रस्त्यावर ताशी 90-95 किलोमीटरपर्यंत जाते, शिकताना याच्या पुढचं काही लागत नाही.

50 सीसीच्या गिअरच्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्या काही ठिकाणी स्वस्तात मिळतात. मी घेऊ नको म्हणेन. टू-स्ट्रोकमध्ये वेगळं ऑइल पेट्रोलबरोबर जळत राहतं, ते संपलं आणि लक्षात आलं नाही तर पिस्टन जाम, आणि जोर एका अरुंद पट्ट्यात एकदम येतो. शिवाय या गाड्यांना कारखान्यातून वेग रोखणारे अडसर बसवलेले असतात, मागच्या मालकाने ते बहुतेक काढलेलेच असतात, मग ती गाडी कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरीच निघते. गिअर असून क्लचचा लिव्हर नसलेल्या गाड्या पण असतात, होंडाची सुपर कब ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध, 1958 पासून बनतेय आणि 2017 मध्ये तिचा आकडा 10 कोटींवर गेला. अतिशय भरवशाची गाडी, पण तुला क्लच शिकायचाय, तो तिच्यावर शिकता येणार नाही, आणि काही देशांत अशा गाडीवर परीक्षा दिली तर लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं मिळतं.

वजनाबद्दल जरा थांबून बोलतो कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. पेट्रोलसकट 110 ते 130 किलोची गाडी सोळा-अठरा वर्षांच्या सर्वसाधारण पोराला किंवा पोरीला सांभाळता येते. 150 च्या वर गेली की चालताना फरक कळत नाही, पण थांबताना एका बाजूला जरा जास्त कलली की हातातून जातेच, आणि पडलेली उचलताना कंबर धरते. सीटची उंची 750 ते 800 मिलिमीटरमध्ये असली की बहुतेकांचे पाय टेकतात. पण आकड्यावर जाऊ नको, सीट रुंद असेल तर कमी उंचीच्या गाडीवर पण पाय तोकडे पडतात. रोज जे बूट घालणार तेच घालून बस, दोन्ही तळवे जमिनीला लागतात का बघ, निदान पुढचा अर्धा तळवा तरी पक्का टेकला पाहिजे, नुसती बोटं टेकत असतील तर ती गाडी सध्या तुझी नाही. मग इंजिन बंद ठेवून ढकलत मागे घे, वळव, डबल स्टँडला लावून बघ. ज्या गाडीला तू ढकलू शकत नाहीस तिला अडचणीत सावरू पण शकणार नाहीस.

आणि पडणार हे धरूनच चाल. उभी गाडी आडवी झाली की काय तुटतं? क्लच किंवा ब्रेकचा लिव्हर, इंडिकेटर, आरसा, फुटरेस्ट वाकतो. उघड्या इंजिनच्या साध्या गाडीला हे सगळं सहज मिळतं आणि अर्ध्या तासात बदलून होतं. तीच गाडी पुढून बाजूने प्लॅस्टिकने झाकलेली असेल तर एका पडण्यात अख्खं पॅनल जातं. इंजिनला लोखंडी गार्ड असेल तर उत्तम, नसेल तर बसवून घे.

ब्रेकमध्ये पुढे डिस्क असेल तर बरं, पण चांगला सेट केलेला ड्रम सुद्धा या वेगाच्या गाडीला पुरतो. महत्त्वाचं हे की ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ नये. एबीएस असेल तर ते लॉक होऊ देत नाही, छोट्या गाड्यांत बऱ्याचदा सीबीएस असतं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एक वर्ष जुनं मॉडेल घेऊन बजेटमध्ये एबीएसवाली बसत असेल तर तीच घे. याच्या मागे कारण आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात हॅरी हर्ट या संशोधकाच्या गटाने 900 मोटरसायकल अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले, तो अहवाल 1981 मध्ये आला. त्यात दिसलं की अपघात टाळायला चालकाला दोन सेकंदांपेक्षा कमी वेळ मिळतो, आणि त्या वेळात बहुतेक जण मागचा ब्रेक कचकन दाबून चाक घसरवतात आणि पुढचा, जो खरा थांबवतो, तो पुरेसा वापरतच नाहीत. दोन सेकंदात डोकं विचार करत नाही, हाताला जी सवय असेल तेच होतं. त्याच अहवालात अजून एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलीय, अपघात झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिन्यांपेक्षा कमी अनुभव होता, एकूण गाडी चालवायचा अनुभव मात्र सरासरी तीनेक वर्षांचा. म्हणजे गाडी बदलली की माणूस परत थोडा नवशिका होतो. म्हणून सहा महिन्यात कंटाळून बदलावीशी वाटेल अशी घेऊ नको, दोन वर्षं निभेल अशी घे.

आता कुठल्या कंपनीची, कुठलं मॉडेल. एक जुनी गोष्ट सांगतो, त्यातून उत्तर मिळेल. सत्तरच्या दशकात होंडाच्या लक्षात आलं की बऱ्याच देशांत लोक गाडीला ओझं लादून रोज राबवतात आणि ऑइल बदलायचं नावच घेत नाहीत, त्यामुळे इंजिनच्या वरच्या भागात, जिथे वॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणारा कॅमशाफ्ट नावाचा दांडा असतो, तिथली झीज फार होते. मग त्यांनी 1976 च्या सुमाराला सीजी 125 आणली, तिच्यात कॅमशाफ्ट वरून खाली आणला आणि लांब दांड्यांनी वॉल्व्ह उघडायची जुनी पद्धत मुद्दाम परत वापरली. वेगात ती मागे होती, पण हेळसांड सहन करत होती, आणि ती पुढे कित्येक देशांत दशकानुदशकं विकली गेली. सुझुकीची जीएन 125, यामाहाची वायबीआर 125 या त्याच स्वभावाच्या. एक सिलिंडर, हवेने थंड होणारं इंजिन, रेडिएटर नाही, उघडी रचना. तुझ्या भागात अशी जी गाडी सगळ्यात जास्त दिसते, ज्यावर पोस्टमन, डिलिव्हरीवाले, ट्रेनिंग स्कूलवाले फिरतात, ती घे. तिचा पार्ट कुठेही मिळतो आणि कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून ती उघडतो. कोणाला माहीत नसलेल्या ब्रँडची कोरी गाडी कधी कधी जुन्या नावाजलेल्या गाडीच्याच भावात मिळते, पोरांना कोरीचा मोह होतो, पण दोन वर्षांनी तिची एक केबल मिळेना झाली की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. मी चार ते आठ वर्षं वापरलेली, माहितीतली, काही बदल न केलेली गाडी निवडेन. सायलेन्सर बदललेली, हँडल कापलेलं, वायरिंगला जागोजागी टेप, अशी गाडी चकचकीत असली तरी सोडून दे, आधीच्या मालकाने अजून काय काय उघडलं होतं ते तुला कधीच कळणार नाही.

जुनी बघायला जाताना मोठ्या माणसाला बरोबर ने आणि दिवसा जा. विकणाऱ्याला आधी सांग की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिलं काम, इंजिनजवळ हात धरून बघ, गरम लागलं तर समजायचं आधी चालू करून ठेवलीय. माझी पहिली गाडी मी अशीच फसून घेतली होती, गरम असताना एका किकमध्ये चालू झाली म्हणून खूश झालो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वीस किका मारल्या तरी हू का चू नाही. थंड इंजिनच खरं बोलतं. चालू झाल्यावर धूर बघ. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ येऊन गेली तर काही नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, फक्त चालू करताना येऊन थांबला तर वॉल्व्ह सील, रेस दिल्यावर येत राहिला तर रिंग-पिस्टनचं काम, तिथून निघून ये. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हे बहुतेक वेळा एअर फिल्टर किंवा कार्ब्युरेटर साफ करून सुटतं, त्यावर भाव कमी करून घे.

मग खाली बस. मागच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रावर, चेन मागच्या बाजूला ओढून बघ, अर्धा दात उघडा दिसला किंवा दात एका बाजूला झुकून टोकदार झाले असतील तर चेनसेट बदलायचा खर्च धर. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर ऑइलचा ओलावा असेल तर सील गेलेत. डबल स्टँडला लावून पुढचं चाक उचलून धर आणि हँडल हळूच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव, मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर बॉल रेस, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलीय. खाच लागत असेल आणि हँडल ज्या ठोकळ्यांवर अडतं ते पण पिचलेले असतील तर समोरून जोरात धडकलेली असू शकते, अशी गाडी घ्यायची नाही. मागे उभा राहून दोन्ही चाकं एका रेषेत दिसतात का बघ. टायरच्या बाजूवर एका ठिकाणी चार आकडे असतात, 2319 असेल तर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर दिसली तरी सात-आठ वर्षांचा टायर कडक झालेला असतो आणि पावसात तो पकडत नाही.

ट्रायल तू मारू नको, बरोबरच्या लायसन्सवाल्या माणसाला मारू दे. त्याला दोन गोष्टी करायला सांग. वरच्या गिअरमध्ये कमी वेगाला असताना एकदम रेस द्यायची, आवाज वाढला पण गाडीचा वेग वाढला नाही तर क्लच प्लेटा सरकतायत. आणि प्रत्येक गिअरमध्ये थोडा जोर देऊन सोडायचा, गिअर आपोआप सटकत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागेल, आणि त्याचं बिल गाडीच्या अर्ध्या किमतीत जातं. क्लचची वायर टाइट असणं, इंडिकेटर बंद, बॅटरी उतरलेली हे सगळं किरकोळ. शेवटी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी एक एक आकडा जुळवून बघ, इथे थोडाही फरक निघाला तर कितीही स्वस्त असली तरी नाही म्हण.

पैशांची वाटणी मी अशी करेन, हातात जे असेल त्याचे दहा भाग कर, गाडीला सहा, आणि उरलेले चार हेल्मेट, ग्लोव्हज, जॅकेट, घोट्याच्या वर येणारे बूट, इन्शुरन्स, ट्रेनिंग आणि पहिल्या सर्व्हिसिंगला. तरुण चालकांना इन्शुरन्स बऱ्याच ठिकाणी महाग पडतो, तर गाडी ठरवायच्या आधीच दोन-तीन मॉडेलचा भाव विचारून घे, कधी कधी त्यावरच निवड ठरून जाते. हेल्मेट जुनं, कोणाचं वापरलेलं अजिबात नको, आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की परत काम करत नाही आणि ते बाहेरून दिसत नाही. घट्ट बसलं पाहिजे, डोकं हलवल्यावर गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. ट्रेनिंगचे पैसे पण वाचवू नको, हर्टच्या त्या अहवालातले 92 टक्के चालक स्वतःच किंवा घरच्या-मित्रांकडून शिकलेले होते. मी भावाला शिकवू शकलो असतो, तरी त्याला क्लासलाच पाठवला, कारण माझ्या चुकीच्या सवयी मलाच दिसत नाहीत.

गाडी घरी आली की सगळ्यात आधी ऑइल बदल, मागच्याने कधी बदललं होतं त्यावर विश्वास ठेवू नको. या गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच तिघांना एकच ऑइल असतं, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघून घे, कारचं ऑइल टाकलं तर त्यातल्या निसरडेपणा वाढवणाऱ्या द्रव्यामुळे क्लच सरकू शकतो. क्लचच्या लिव्हरला टोकाशी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर मोकळी हालचाल ठेव, चेनचा ढिलेपणा मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा, आणि दोन्ही लिव्हर तुझ्या बोटांना न ताणता पोचतील असे फिरवून घे. मग मोकळ्या मैदानात, कोणीतरी जाणतं माणूस शेजारी उभं करून, पहिला अर्धा तास रेस अजिबात न देता नुसता क्लच हळू सोडून गाडी चालवायची आणि परत ओढून थांबवायची. टॉर्क चांगला असलेली गाडी रेस न देता सुद्धा हळूहळू चालायला लागते. भावाची पहिल्या दिवशी अकरा वेळा बंद पडली, बाराव्यांदा ती आपसूक पुढे सरकली आणि त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं.